फील्ड कॉईल म्हणून ७८ हजारांना घेतलेला डबा

हे लिहायला तीन महिने लावले कारण सरळ सांगायचं तर लाज वाटत होती. पण मागच्या आठवड्यात जे बघितलं (ते शेवटी सांगतो) त्यानंतर म्हणलं आता लिहायलाच पाहिजे, लोक हसले तर हसू देत.

मला गाण्याचं वेड आहे आणि खरं सांगायचं तर गाण्यापेक्षा गाणं ऐकायच्या सामानाचं जास्त. ह्या नादात पडलेल्या माणसाच्या डोक्यात कधी ना कधी फील्ड कॉईलचा किडा वळवळतोच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या नेहमीच्या स्पीकरला मागे कायमचं लोहचुंबक असतं, फेराइटचं नाहीतर निओडायमियमचं. फील्ड कॉईलमधे चुंबकच नसतं, लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेचे ढीगभर वेढे असतात, त्यात डीसी सोडला की गाभ्याचं चुंबक होतं आणि सप्लाय बंद केला की खेळ खलास. सुरुवातीला सगळं असंच होतं कारण तेवढं ताकदवान चुंबक तेव्हा मिळतच नव्हतं. अमेरिकेत राइस आणि केलॉगनी १९२५ ला आजच्या कोनवाल्या (शंकूसारख्या पडद्याच्या) स्पीकरची रचना मांडली ती फील्ड कॉईलवरच, मग बोलपट आले तेव्हा थिएटरच्या भोंग्यांमागे आवाज काढायला वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ५५५ नावाचा ड्रायव्हर, त्याच्या फील्डला ७ व्होल्ट आणि दीड अँपिअर लागायचे. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत तर तीच कॉईल पॉवर सप्लायचा चोक (घरघर गाळणारी कॉईल) म्हणून पण राबायची, एका दगडात दोन पक्षी. पुढे अल्निको हे कायमचं चुंबक सुधारलं, मग फेराइट आलं, आणि हे सगळं अडगळीत गेलं. आता परत जपान, जर्मनी, अमेरिकेत थोडे लोक बनवतात, फ्रान्सच्या फोकलने २००८ ला त्यांच्या ग्रँड युटोपिया ईएम ह्या स्पीकरच्या वूफरला (बासच्या भागाला) इलेक्ट्रोमॅग्नेट लावला, पण किमती अशा की बघून गप्प बसायचं.

आणि अशा वेळी तो भेटला. मुंबईतला माणूस, दुकान वगैरे नाही, घरूनच धंदा, बोलायला एकदम गोड. एक जुनं थिएटर पाडलं तिथून काढलेली १२ इंची फील्ड कॉईलची जोडी आहे, सप्लाय मीच बनवून देतो, ८५ म्हणतोय पण साहेब तुम्ही दर्दी आहात, ७८ द्या. मी गेलो ऐकायला. पाठीमागे हिरवट हॅमरटोन रंगाचे जाडजूड लोखंडी डबे, त्यावर पितळेची दोन टर्मिनलं, कागदी कोन पिवळट तपकिरी झालेला, वजन एवढं की एका हाताने उचलेना. सप्लायच्या डब्यावर व्होल्टचा आणि अँपिअरचा मीटर, एक नॉब. पाच मिनिटांत डबे गरम व्हायला लागले. म्हणाला, हात लावून बघा, गरम होतंय म्हणजे फील्ड काम करतंय.

मी एकच शहाणपणाचा प्रश्न विचारला होता, की सप्लाय बंद करून दाखवा ना. तर म्हणाला नको नको, चालू गाण्यात फील्ड तोडलं की कॉईल किक मारते, व्हॉईस कॉईल (कोन हलवणारी छोटी कॉईल) उडेल, मग मला बोलू नका. आता ह्यातली गंमत अशी की अर्धं खरं आहे. एवढ्या वेढ्यांच्या कॉईलचा करंट एकदम तोडला की खरंच मोठा झटका येतो, म्हणून तर सप्लायला डायोड लावतात. पण तो झटका फील्डच्या वायरीत, व्हॉईस कॉईल त्याने उडत नाही, आणि नॉब हळूहळू शून्यावर आणला असता तर काहीच झालं नसतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. अर्धवट माहिती असलेला माणूस फसवायला सगळ्यात सोपा, अगदीच अडाणी असतो तर कदाचित हट्ट धरला असता.

पैसे यूपीआयने दिले, दोन हप्त्यांत, आणि त्याच्या सांगण्यावरून नोटमधे मी स्वतःच्या हाताने "फ्रेंड" असं लिहिलं. बिल नाही. घरी लावून झाल्यावर त्याचा मेसेज, साहेब सेटअपचा एक फोटो पाठवा की, आठवण म्हणून. पाठवला.

पुढचे दोन महिने मी हवेत. फील्डचा करंट वाढवला की चुंबक जोरात होतं, आवाज थोडा वाढतो, बास आवळून येतो, हे मी वाचलेलं होतं, आणि मला ते ऐकू यायला लागलं हो! १० व्होल्टला तबल्याचा बायाँ सैल, १२ ला घट्ट, साडेअकराला किशोरीताईंचा आवाज सगळ्यात मोकळा. आमच्या मित्रांच्या ग्रुपवर मी ह्यावर हे एवढं लांबलचक लिहिलं, दोघांनी येऊन ऐकलं, त्यांनाही ऐकू आलं.

मग एका रविवारी बाहेरून आलो तर हॉलमधे आईची भजनं चालू होती, छान मोठ्या आवाजात. आणि सप्लायचे मीटर काळे. मी ओरडलोच, आई हे कधी बंद झालं? ती म्हणाली, "अरे ते तापणारं डबडं होय, मी सकाळीच बंद केलं, बिल किती येईल त्याचं. गाणं तर लागतंय की."

आधी वाटलं काहीतरी जळलं. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला आणि मी तिथेच सोफ्यावर बसलो. फील्ड बंद असताना खऱ्या फील्ड कॉईलमधून गाणं येऊच शकत नाही, लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर कान लावून कुजबुज ऐकू आली तर आली. माझ्याकडे सकाळपासून टाळ मृदंगासकट कीर्तन चाललेलं.

ओळखीतले एक रेडिओवाले काका आहेत, सत्तरी ओलांडलेले, त्यांच्याकडे एक स्पीकर नेला. त्यांनी काही न जोडता स्क्रूड्रायव्हर मागे धरला, खटकन चिकटला. मग मीटर टर्मिनलवर, ११.२ ओहम. मला विचारलं, तासभर चालवल्यावर अँपिअर कमी होत होते का रे? मी अभिमानाने सांगितलं, नाही काका, १२ व्होल्टला २.१४, दोन्ही मिळून, काटा हलत नाही, सप्लाय फार भारी आहे. ते हसायलाच लागले. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, कॉईल ४० डिग्रीने तापली तर १५-१६ टक्के, म्हणजे त्याच व्होल्टला करंट उतरायलाच पाहिजे. रोज डोळ्यासमोर पुरावा होता आणि मी त्यालाच क्वालिटी समजत होतो.

डबा कापला. आत साधा फेराइटचा स्पीकर, रिकाम्या जागेत प्लास्टर ऑफ पॅरिस भरलेलं, आणि लोखंडाला आतून चिकटवलेले पांढरे सिमेंटचे रेझिस्टर, ५.६ ओहमचे दोन, १० वॅटवाले. म्हणजे मी दोन महिने एक हीटर चालवत होतो आणि त्याचा नॉब फिरवून गायकी बदलत होतो. कोन हुंगून काका म्हणाले, हा चहाच्या पाण्याने रंगवलाय. एका स्पीकरची किंमत त्यांच्या मते अडीच हजार, फार तर तीन.

(तुम्ही खरा जुना रेडिओचा फील्ड कॉईल तपासायला घेतलात तर मात्र जपून, त्यातल्या बऱ्याच कॉईलींवर शंभर व्होल्टच्या वर डीसी असतो, चालू सेटमधे बोटं घालू नका.)

त्याला फोन केला तर आधी म्हणाला साहेब बर्न-इन होऊ द्या (म्हणजे काही दिवस वाजवून मुरू द्या), मग तुम्ही डबा कापला आता वॉरंटी गेली, मग ब्लॉक. पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, स्पीकर वाजतोय का? म्हणलं वाजतोय. मग ते माझ्याकडे बघत राहिले. "फ्रेंड" लिहिलेलं पेमेंट दाखवल्यावर तर विषयच संपला. अर्ज दिलाय, पुढे काही नाही.

आता मागच्या आठवड्याचं. एका मित्राने एक जाहिरात पाठवली, दुर्मिळ फील्ड कॉईल, १२ इंची जोडी, थिएटर ह्या वेळी सोलापूरचं, किंमत ९५ हजार, खाली लिहिलंय समाधानी ग्राहक, पुणे. फोटोत हिरवे डबे, शेजारी सागवानी कपाट, त्यावर गणपतीचा छोटा फोटो आणि कोपऱ्यात आईची निळी चौकटीची गोधडी. हॉल माझा आहे. ती गोधडी दिसली तर पैसे देऊ नका.