ओएलईडी टीव्हीवर बरेच महिने सिनेमे आणि सीरीज बघून झाल्यावर

५५ इंची ओएलईडी टीव्ही घेऊन आता बरेच महिने झालेत आणि एवढ्यात नवीन कमी, जुनंच जास्त बघितलंय, म्हणजे जे सिनेमे तोंडपाठ आहेत तेच परत लावले, कारण टीव्ही कसा आहे ते ओळखीच्या सिनेमावरच कळतं, डेमोमधले पोपट आणि फुलं तर कुठल्याही स्क्रीनवर भारीच दिसतात.

सगळ्यात आधी एकच सांगतो, मोशन स्मूदिंग बंद करा. नवीन टीव्हीत ते बहुतेक वेळा चालूच असतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो आणि हे फीचर मधे स्वतः बनवलेल्या फ्रेम्स घुसवतं, मग कसलाही भव्य सिनेमा असो, तो दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो, सेट खोटा दिसतो, विग तर लगेच कळतो. मला हे अजिबात सहन होत नाही! प्रत्येक कंपनीचं याचं नाव वेगळं असतं म्हणून सेटिंगमधे शोधत बसावं लागतं, पण २०१९ मधे जाहीर झालेला फिल्ममेकर मोड तुमच्या टीव्हीत असेल तर तो लावला की स्मूदिंग, जास्तीचा शार्पनेस, नॉइज रिडक्शन सगळं एकदम जातं. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल, थोडे दिवस तसंच बघा, डोळ्यांना सवय झाली की व्हिव्हिड मोडच (रंग भडक करणारा) निळसर वाटायला लागतो.

आता काळा रंग. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळं म्हणजे खरंच काळं. 'बॅरी लिंडन' (१९७५) मधले मेणबत्तीच्या उजेडातले सीन दिग्दर्शक कुब्रिकने मुळात नासासाठी बनलेल्या एफ ०.७ च्या, म्हणजे खूप जास्त उजेड आत घेणाऱ्या झाइस लेन्सवर घेतले होते, हे वाचलेलं होतं, पण आधीच्या, पडद्यामागून दिवे लावणाऱ्या एलईडी टीव्हीवर त्या खोल्यांचे कोपरे राखाडी दिसायचे, इथे चेहरे उजेडात आणि मागची खोली अंधारात विरघळत गेलेली, मी ते पत्त्यांचे सीन दोनदा मागे घेऊन बघितले. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) मधली ओमर शरीफची एन्ट्री पण तशीच, मृगजळातून आधी नुसता एक थरथरता ठिपका येतो आणि तो ठिपका दिसला तरच त्या सीनची भीती लागते. लहान स्क्रीनवर तो सीन वाया जातो, माझं ठाम मत आहे.

'गेम ऑफ थ्रोन्स'चा रात्रीच्या लढाईचा एपिसोड 'द लाँग नाइट' (२०१९) मुद्दाम परत लावला, कारण तेव्हा सगळे ओरडत होते की काही दिसतच नाही. इथे बऱ्यापैकी दिसतं. डोथ्राकी घोडेस्वारांच्या पेटत्या तलवारी लांब अंधारात एकेक करून विझतात तो शॉट अख्ख्या शेवटच्या सीझनमधला सगळ्यात भारी, बाकी सीझनबद्दल मी न बोललेलंच बरं. पण धुरात आणि धुक्यात पट्टे पट्टे दिसतात तो दोष टीव्हीचा नाही, स्ट्रीमिंगच्या कमी बिटरेटचा (म्हणजे सेकंदाला कमी डेटा येतो), ब्ल्यू-रेवर हे खूपच कमी होतं.

तक्रारी आहेतच. ओएलईडीचे पिक्सेल इतके पटकन बदलतात की २४ फ्रेम्सचा सावकाश पॅन होणारा (कॅमेरा आडवा फिरणारा) शॉट अडखळल्यासारखा दिसतो. याच्यासाठी स्मूदिंगमधलंच डी-जडर (अडखळणं कमी करणारं सेटिंग) तेवढं अगदी एक-दोनवर ठेवलं तर चालतं, त्याच्या वर नको. दुसरी जास्त चीड आणणारी गोष्ट म्हणजे एखादा अंधारा शॉट हलला नाही बराच वेळ, की पॅनल वाचवायला टीव्ही स्वतःहून ब्राइटनेस खाली नेतो आणि पुढचा कट आला की परत वर. संथ सिनेमे आवडणाऱ्यांना हे नक्की खुपणार. दिवसा उन्हात खिडकीसमोर तर अंधारे सिनेमे बघूच नका, स्वतःचंच तोंड दिसतं. आवाजाचं काय सांगू, स्पीकर पातळ आहेत, डायलॉग म्युझिकखाली जातात, सेंटर चॅनलवाला (डायलॉगसाठी मधे वेगळा स्पीकर असलेला) साउंडबार लागतोच.

आणि ते झूम करून स्क्रीन भरायचं तर बिलकुल करू नका. 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'मधे काळ बदलला की फ्रेमचा आकार बदलतो, १९३२ ची गोष्ट जवळपास चौकोनी फ्रेममधे आहे, ती भरून टाकली तर उरलं काय? इथे बाजूच्या काळ्या पट्ट्या खोलीतल्या अंधारात मिसळून जातात, त्यामुळे त्या खटकतच नाहीत. 'द वायर' ही सीरीज पण मूळची ४:३ मधलीच, म्हणजे जुन्या टीव्हीच्या जवळपास चौकोनी आकारातली, २०१४ मधे ती १६:९ मधे, आजच्या रुंद टीव्हीच्या आकारात रीमास्टर केली, स्वच्छ दिसते हे मान्य, पण मला विचाराल तर जुनी फ्रेमच घट्ट आहे, दोन माणसं कोपऱ्यात उभी राहून बोलतात तेव्हा त्यांच्या बाजूला मोकळी जागा नकोच असते. ती डीव्हीडीवर मिळाली तर तीच लावा, चित्र थोडं मऊ दिसेल, दिसू दे.