जंप स्टार्टरच्या नावाखाली ३,६५० रुपयांना फसलो, स्टेशनबाहेर बाइक लावणाऱ्यांनी वाचा

आधीच सांगतो, मी अडाणी माणूस नाही. वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत सतरा वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करतोय, दिवसभर हातात मल्टीमीटर असतो. तरी मला बॅटरीच्याच वस्तूत, म्हणजे बॅटरी बसलेली गाडी चालू करून देणाऱ्या जंप स्टार्टर नावाच्या डब्यात फसवलं गेलं, आणि हे लिहायला दीड महिना लागला कारण बाहेर कोणाला सांगायचीच लाज वाटत होती. आता लिहितोय कारण परवा ट्रेनमध्ये कळलं की आमच्या ७:५२ च्या ग्रुपमधल्या एकाने तीच वस्तू २,९०० ला घेतलीये. मी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर त्याचे पैसे वाचले असते.

मी ऐरोली-घणसोली पट्ट्यात राहतो, बाइक स्टेशनबाहेरच्या पे अँड पार्कमध्ये लावून ट्रेनने ठाण्याला जातो. जुलैमध्ये एका संध्याकाळी धो धो पाऊस, उतरलो, चावी फिरवली, सेल्फ मारला तर नुसतं टक् टक् टक्. गाडी बीएस सिक्स आहे, किक नाही. बॅटरी चार वर्षांची झाली होती आणि बदलायला हवी हे मेकॅनिकने दोनदा सांगितलं होतं, ते खरंय. ढकलायच्या विचारात होतो तेवढ्यात एक तिशीतला माणूस आला, पाठीला काळी सॅक, बोलायला एकदम मऊ. "दादा, बॅटरी बसली का? थांबा जरा." सॅकमधून डबा काढला, लाल चिमटा प्लसला, काळा इंजिनच्या लोखंडाला, अगदी जसं लावायला पाहिजे तसंच, आणि मला म्हणाला आता मारा सेल्फ. एका झटक्यात गाडी चालू. मी शंभरची नोट काढली तर घेईना. "राहू द्या दादा, पावसात अडकलेल्या माणसाकडून काय पैसे घ्यायचे." इथेच मी विरघळलो. पैसे मागितले असते तर मी सावध झालो असतो.

मग मीच विचारलं, कितीला मिळतो हा. हो, मीच विचारलं, त्याने विकायचा विषयसुद्धा काढला नव्हता. म्हणाला मी डीलरकडे काम करतो, बाजारात ६,५०० ला आहे, माझ्याकडे दोन पीस उरलेत, ४,२०० ला देतो. घासाघीस करून ३,६५० ला ठरलं. चालू करून दाखवलेला डबा त्याने माझ्या हातात दिला होता, चांगला जड, चिमट्याच्या वायरला छोटी प्लास्टिकची डबी आणि त्यावर हिरवा दिवा. मला द्यायला त्याने सॅकमधून सीलबंद बॉक्स काढला. तो हातात घेतला आणि मी म्हणालो, "अरे, हा हलका लागतोय." आणि तो म्हणाला, "दादा, तो फुल चार्ज आहे ना, हा फॅक्टरीतून रिकामा येतो, म्हणून हलका."

हे वाक्य मी रोज रात्री आठवतो. चार्ज केल्याने बॅटरीचं वजन वाढत नाही. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. दुसऱ्या कोणी मला हे सांगितलं असतं तर मी त्याला वर्कशॉपमधून बाहेर काढलं असतं. आणि मी काय केलं, मान डोलावली आणि मोबाइल काढून स्कॅन केलं. स्टेशनबाहेर मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी देतात हे आपण लहानपणापासून ऐकतोय, मी स्वतः भाच्याला बजावलंय. पण अंगावरून पाणी वाहतंय, बारा तास बाहेर काढलेत, समोरच्याने नुकतीच फुकट मदत केलीये, अशा वेळी डोकं चालत नाही. स्कॅन केल्यावर नाव भलत्याच बाईचं आलं, तेही बघितलं. म्हटलं असेल बायकोचं खातं.

घरी आल्यावर चार्जिंगला लावला, चार दिवे लागले, टॉर्चही लागला, मग मी निश्चिंत. दोन दिवसांनी त्यावर मोबाइल लावून बघितला तर ४० टक्क्यांच्या आसपास भर पडली आणि डबा संपला. खोक्यावर छापलंय २०००० एमएएच. तेवढ्यात माझा मोबाइल दोन-तीनदा तरी भरायला पाहिजे होता. तेव्हाही कळायला हवं होतं. उलट डिकीत डबा आहे म्हणून बॅटरी बदलायचं पुढे ढकललं, मला वाटतं खरी चूक तीच. खरा जंप स्टार्टर असला तरी तो अडीनडीला एकदा गाडी चालू करून देतो, मेलेली बॅटरी जिवंत करत नाही.

ऑगस्टमधला रविवार. वसईला बारसं होतं, तिथून बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन घोडबंदरने परत येत होतो. गायमुखच्या अलीकडे ट्रॅफिक, खड्डे, पाऊस. चहाला थांबलो, पावणेअकरा वाजले असतील, निघताना गाडी बंद. मी रुबाबात बायकोला म्हणालो घाबरू नको, आपल्याकडे डबा आहे. चिमटे लावले, सेल्फ दाबला, मीटरचे दिवे क्षणभर लागले आणि डब्यासकट सगळं विझलं. परत लावला, काहीच नाही. बायकोने विचारलं, "अहो, चार्ज केला होतात ना?" केला होता. उतारावर दुसऱ्या गियरमध्ये ढकलूनही बघितली, पण इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण बसली की पेट्रोलचा पंपच चालत नाही, ढकलून काय होणार. बाजूने ट्रेलर जातायत, मुलगी रडतेय. शेवटी दोघींना रिक्षाने कासारवडवलीला बहिणीकडे पाठवलं, रिक्षावाल्याने मीटर न टाकता २०० घेतले, आणि गाडी टेम्पोत टाकून घरी आणली त्याचे २,२००. नवीन बॅटरीचे १,५०० मी धरत नाही, ती लागणारच होती. म्हणजे ३,६५० अधिक २०० अधिक २,२००, एकूण ६,०५० रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी डबा किचनच्या काट्यावर ठेवला, २६८ ग्रॅम. पॉवर बँकेत असतो तसला, १८६५० नावाचा एक साधा गोल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. २५०० एमएएचचे धरले तर २०००० ला आठ सेल लागतात, नुसत्या सेलचंच वजन ३६० ग्रॅम. हा हिशोब मी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या करू शकलो असतो. फोडला तर आत दोन सेल, दोघांचं लेबल खरवडलेलं, एक बोटाएवढं सर्किट, आणि वजनासाठी पुठ्ठ्यात गुंडाळलेली लोखंडी पट्टी. चिमट्याची वायर बाहेरून करंगळीएवढी जाड, कापली तर आत तांबं मोबाइलच्या चार्जरएवढं. स्टार्टरला काही क्षण का होईना दणकून करंट लागतो, तो त्या केसांतून जाणार कसा? वर खोक्यावर छापलंय २००० अँपियर! कृपया ह्या आकड्यावर जाऊ नका, तो छापायला कोणालाही पैसे पडत नाहीत.

आता तक्रारीचं ऐका. त्याने दिलेल्या कार्डावरचा नंबर बंद. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलात, हे फ्रॉडमध्ये येत नाही. पहिल्या चौकीत म्हणाले पार्किंग स्टेशनच्या आवारात आहे, आमची हद्द नाही. रेल्वे पोलिसांकडे गेलो तर म्हणे गेटच्या बाहेर घडलंय, ते शहरात येतं, परत जा. परत गेलो तर साहेब राउंडला. दोन तास बाकड्यावर. मग साहेबांनी डबा उलटसुलट केला आणि विचारलं, "इलेक्ट्रिकलमध्ये आहात ना तुम्ही? मग कळलं नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण हा प्रश्न विचारायचा पगार मिळतो का ह्यांना? सायबरवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले माणूस समोर उभा होता, हे ऑनलाइन नाही. एका हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, बिल आहे का. अहो, बिल असतं तर मी फोन केला असता का? दीड दिवस रजा गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची असते. हे मी वाचून गेलो, बोललो, तर कॉन्स्टेबल म्हणाला वकील आहात का. ३,६५० ही ह्यांच्यासाठी रक्कमच नाही. पण तो माणूस पावसाळ्यात रोज संध्याकाळी एका पार्किंगमध्ये दोन-दोन पीस विकत असेल तर हिशोब करा की. शेवटी साधा अर्ज घेतला आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला, तोही मी मागितला म्हणून.

पार्किंगवाल्या पोराला विचारलं तर म्हणतो, "तो रोज नसतो काका, पाऊस लागला की येतो." म्हणजे ह्याला माहीत होतं. पावसाळ्यात कोणाची ना कोणाची बॅटरी बसणारच, विकणाऱ्याने फक्त थांबायचं.

घ्यायचाच असेल तर दुकानातून, बिल घेऊन, आणि जो पीस घरी नेणार तोच फोडून त्याच्यावरच गाडी चालू करून बघा, सील तुटेल म्हणाला तर सोडून द्या. वायरवर ती डबी आणि दिवा नसेल तर उलटे चिमटे लागले की वाट लागते. स्कॅन केल्यावर नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर मागेपुढे न बघता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन करा, मी लाजेपायी उशीर केला. आणि बॅटरी आधी मल्टीमीटरवर बघा, गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२ च्या खाली असेल तर डबे शोधत बसू नका. माझी ११.३ होती.

ज्यांनी असा डबा घेतलाय त्यांनी तो फेकू नका, वजन करून फोटो काढून ठेवा आणि पैसे कोणत्या नावावर गेले ते तपासा. ट्रेनमधल्या त्या मित्राचे २,९०० आणि माझे ३,६५० एकाच बाईच्या नावावर गेलेत. येत्या शनिवारी आम्ही दोघं पुन्हा चौकीत जातोय, आणखी कोणी असेल तर सोबत या.