झोपेत दात खाणाऱ्यांसाठी नाइट गार्ड : तयार घ्यावा की माप देऊन करून घ्यावा?

झोपेत दात खाण्यामुळे ज्यांचे दात झिजू लागले आहेत, त्या प्रौढांनी नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचे आवरण, जरूर वापरावा, परंतु तो दंतवैद्याकडे माप देऊन करून घेतलेला, कडक ॲक्रिलिकचा असावा, आणि त्यामुळे दात खाणेच थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये, असे माझे दोन्ही प्रकार वापरल्यानंतरचे मत आहे.

काही शे रुपयांत मिळणारा तयार गार्ड मऊ प्लॅस्टिकचा असतो. तो गरम पाण्यात नरम करून तोंडात घालायचा आणि चावायचा, म्हणजे दातांचा ठसा त्यावर उमटतो. तो जाड असतो, ओठ नीट मिटू देत नाही आणि झोपेत निसटतो. शिवाय दातांखाली मऊ वस्तू आल्यावर काहींच्या जबड्याचे स्नायू उलट अधिक जोराने काम करतात. माझी सकाळची कानशिलाजवळची ठणक या गार्डने कमी झाली नाही आणि दाढांच्या जागी त्याला लवकरच भोके पडली.

दंतवैद्याकडच्या गार्डला काही हजार रुपये लागतात. दोन्ही जबड्यांची मापे घेऊन वरच्या दातांवर बसणारा पारदर्शक गार्ड तयार होतो. मग दातांत रंगीत कागद धरून चावायला लावतात आणि जिथे डाग गडद उमटेल तिथे गार्ड थोडा थोडा घासतात, जेणेकरून खालचे सगळे दात त्यावर सारखे टेकावेत. माझ्या मते पैसे खरे या घासणीचे आहेत, आणि ती न करता गार्ड हातात ठेवणाऱ्या दवाखान्यातून तसेच परत येऊ नये. सुरुवातीला लाळ जास्त सुटते, दात आवळल्यासारखे वाटतात. पुढे सवय होते.

गार्ड केवळ झीज स्वतःवर घेतो. पूर्वी या सवयीचा दोष दातांच्या वेड्यावाकड्या ठेवणीला दिला जाई. आता असे दिसते की झोपेत मेंदू क्षणभर जागृतीकडे झुकतो, हृदयाची गती वाढते आणि पाठोपाठ चावण्याचे स्नायू लयीत आवळू लागतात. म्हणूनच ही सवय मोडण्यासाठी नैसर्गिक दातच घासून वरखालचे दात एकमेकांवर ‘बसवून’ देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानण्यापूर्वी दुसऱ्या दंतवैद्याचे मत अवश्य घ्यावे, कारण एकदा घासलेले इनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण कवच, पुन्हा येत नाही. एरवी निरोगी असलेल्या माणसात झोपेत दात खाणे हा आजार मानू नये, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 2018 मध्ये मांडले. दात झिजत नसतील आणि काही दुखत नसेल, तर गार्डचा खर्चही करू नये.

माझ्या दंतवैद्यांनी माप घेण्याआधी घोरणे, औषधे, संध्याकाळची कॉफी, मद्य आणि धूम्रपान यांची चौकशी केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. झोपेत श्वास अडकत असेल तर आधी त्याची तपासणी हवी, कारण वरच्या दातांवरच्या गार्डने काही रुग्णांत हा अडथळा वाढल्याचे दिसले आहे. फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या नैराश्यावरील औषधांनीही काहींचे दात खाणे सुरू होते. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद न करता ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. लहान मुलांसाठी मात्र गार्ड मागू नये. घरातली मोठी माणसे जंतांचे औषध सुचवतात, पण बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआप सुटते.

निगेविषयी दवाखान्याने लेखी सूचना द्यायला हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत, एवढी माझी तक्रार आहे. गार्ड गार पाण्याने व मऊ ब्रशने धुवावा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो आणि मग तो दातांवर बसत नाही. तपासणीला जाताना तो डबीतून सोबत न्यावा, कारण त्यावर पडलेल्या चरांवरून दात कोणत्या बाजूला जास्त घासले जात आहेत हे दंतवैद्यांना कळते आणि गार्ड पुन्हा सारखा करून घेता येतो.