पट्टा वाकलाय म्हणून कुणी 'मेला' म्हटलं तर हातचा सोडू नका

श्रावणात पावसाची झड लागलेली. खानापूरच्या आमच्या दाढी-केसाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेवढ्यात एक माणूस आत शिरला. चाळिशीचा, खांद्याला जाड पिशवी, बोलणं गोड. खुर्चीमागच्या खुंटीला टांगलेल्या, वस्तऱ्याला धार लावायच्या चामड्याच्या पट्ट्याकडे त्याचं लक्ष गेलं. "ह्यो अजून वापरायलाय काय ओ मामा? आता कोण ठेवतंय असलं!"

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. गिऱ्हाइकाला आता ब्लेडचाच वस्तरा, दर माणसाला नवं पातं. पण माझी दाढी मी वडिलांच्या घडीच्या वस्तऱ्यानंच करतो, आणि तो पट्टाही त्यांचाच. वर्षानुवर्षं वस्तरा फिरून त्याचा मधला भाग काळसर, आरशासारखा झालेला.

त्यानं पिशवीतून पोलादी फूटपट्टी काढली, पट्ट्यावर आडवी धरली आणि उजेडाकडे तोंड करून बघायला सांगितलं. खालून उजेड दिसत होता. दोन्ही कडा वर उचललेल्या, मधला भाग पन्हळीसारखा खोल. "बघितलासा? चामडं मेलंय. ह्याच्यावर वस्तरा मारशीला तर धारच जाईल."

फूटपट्टी खरं सांगत होती. वस्तऱ्याची पाठ आणि धार पट्ट्यावर एकाच वेळी टेकली पाहिजे; खोलगट पट्ट्यावर धारेला नुसत्या कडा लागतात, मधलं अंग कोरडंच राहतं. हे मलाही ठाऊक होतं, म्हणूनच मी फसलो. एक खरी गोष्ट डोळ्यांनी बघितल्यावर पुढचं 'मेलंय' हे मी न तपासता मान्य केलं. पट्टा वाकला होता तो माझ्याच हयगयीनं. जूनपासून तो ओल धरलेल्या भिंतीला लागून होता. मागच्या अंगाला ओल, पुढच्या अंगाला मी दर आठवड्याला चोपडलेलं तेल. दोन्ही बाजू सारख्या आकसत-फुगत नाहीत, मग चामडं वळतंच.

मग त्यानं नवा पट्टा दाखवला. त्याआधी हातभर चामड्याचा तुकडा काढला आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब मुरला, डाग गडद झाला. तुकड्याची कापलेली कड दाखवली, वरपासून खालपर्यंत एकसारखी तपकिरी. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं असंच असतं. "अथणीचं चामडं हाय मामा. कोल्हापुरी चपलेचं मानांकन आपल्या बेळगाव जिल्ह्यालाबी हाय की, ठाऊक हाय न्हवं?" तेही खरंच आहे. त्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत, तसे कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चारही आहेत. पण ते मानांकन चपलेला आहे, पट्ट्याला नाही. त्या क्षणी हे डोक्यात आलं नाही.

किंमत २,४०० रुपये. जुना पट्टा मोडीत दिला तर ४०० कमी. मी यूपीआयनं २,००० पाठवले, वडिलांचा पट्टा खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला. बिल मागितलं नाही. नवा पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होता आणि चारी कडांना काळी पट्टी शिवलेली होती. ती शिवण बघून मला काम देखणं वाटलं. चाचणी झाली तुकड्याची आणि माझ्या हातात आला बंद पिशवीतला माल, एवढं साधं मला दिसलं नाही.

तीन आठवड्यांत वस्तरा ओढायला लागला. आधी वाटलं हात बिघडला. मग पट्ट्यावर बोट फिरवलं तर मधे कांद्याच्या पापुद्र्यासारखं साल सुटलेलं. फोन लावला, बंद.

गणपतीनंतर पाहुण्यांकडे अथणीला गेलो तेव्हा पट्टा सोबत नेला आणि चपला बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरापुढे ठेवला. त्यांनी काही न बोलता रापीच्या, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराच्या, टोकानं कडेची शिवण चार बोटं उसवली. आत वर पातळ रंगीत थर, मधे करडा लगदा, खाली कापड. लगदा चिमटीत घेऊन चुरला, तर पिठासारखा झाला. "ह्ये चामडं न्हवं बाबा. चामड्याचा भुसा डिंकात कालवून थापलाय."

मी वडिलांच्या पट्ट्याचं सांगितलं. वाकला होता, म्हणून दिला. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वाकल्यालं सरळ करता येतंय की रं."

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. सालीत कमावलेला पट्टा वाकला तर मागच्या, खरबरीत अंगाला ओला फडका पिळून हलकेच फिरवायचा. भिजवायचा नाही, नुसता ओलसर करायचा. मग दोन सपाट फळ्यांमध्ये स्वच्छ कापड घालून ठेवायचा, वर पाटा-वरवंट्यासारखं वजन, सावलीत दोन-तीन दिवस. उन्हात किंवा चुलीजवळ घाई केली की चामडं तडकतं. वाळल्यावर काचेची गोल बाटली दाबून लाटायची, आणि तळहातानं चोळायचं. तळहाताची ऊब आणि तेवढाच तेलकटपणा रोजच्याला पुरतो. वरून तेल लागलंच तर वर्षाकाठी चार-दोन थेंब, तेही बोटानं; जास्त झालं की चामडं मऊ पडून पुन्हा झोळ येतो. माझी दर आठवड्याची चोपड हेच करत होती.

वापरतानाही पट्टा ताणून धरायचा. ढिला धरला की वस्तऱ्याखाली तो खाली बसतो, आणि धार गोल होते. पाठ पुढे, धार मागे, वळवताना पाठीवरच कूस बदलायची. काम झालं की टांगून ठेवायचा, गुंडाळून खणात नाही. पावसाळ्यात भिंतीपासून चार बोटं अंतरावर.

विकत घेत असाल तर जो पट्टा घरी नेणार त्याचीच कड बघा. कड शिवून किंवा रंगवून झाकली असेल तर उसवून दाखवायला सांगा. कापात मधे निळसर-राखाडी थर दिसला तर तो रसायनात कमावलेला माल, साल आणि हिरड्याचा नव्हे. कापड किंवा लगदा दिसला तर हातही लावू नका. बिल घ्या. माझ्याकडे बिल नाही, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावतानाही दाखवायला यूपीआयच्या नोंदीपलीकडे काही नव्हतं.

पैशाचं मी सोडून दिलंय. पट्टा सोडवत नाही. खानापूर, नंदगड, संकेश्वर, निपाणी, कुठल्याही आठवडी बाजारात जुन्या वस्तूंत कुणाला दिसला तर ओळखायची खूण सांगतो. रुंदी चार बोटं, वरच्या टोकाला पितळी कडी, कडीजवळ दोन तांब्याचे रिबिट, त्यातला एक नंतर बसवलेला म्हणून जरा मोठा. खालच्या टोकापासून वीतभर वर एक तिरका कापलेला व्रण आहे. लहानपणी वडिलांची नजर चुकवून मी वस्तरा फिरवला होता, त्याचा. त्यांनी तो घासून गुळगुळीत केला होता, पण बोट फिरवलं की अजून लागतो.