लिक्स: सूत्रात माउसला हात न लावता

मी दहावीला गणित शिकवते आणि सहामाहीचा पेपर टाइप करायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात येतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका एडिटरमध्ये विवेचक, म्हणजे बी वर्ग उणे चार एसी, लिहिताना बीच्या डोक्यावर दोन दिला आणि पुढे टाइप करत सुटले. कर्सर खाली उतरलाच नव्हता. अख्खं ‘उणे चार एसी’ घातांकात जाऊन बसलं आणि तसंच छापून आलं. परीक्षेत एक पोरगा उठून विचारतो, “मॅडम, एवढा मोठा घात?”

तेव्हापासून लिक्स वापरते. माटियास एट्रिख यांनी १९९५ साली सुरू केलेला हा एडिटर फुकट आहे. आत लाटेक, म्हणजे खुणांनी लिहिलेली सूत्रं नीट मांडून छापणारी प्रणाली, चालतं, पण समोर सूत्र सूत्रासारखंच दिसतं.

माझा जीव जडलाय तो त्याच्या स्पेसबारवर. वर्गसमीकरणाचं सूत्र घ्या. कंट्रोल-एम दाबलं की सूत्राची चौकट उघडते. बॅकस्लॅश देऊन ‘फ्रॅक’ लिहायचं, स्पेस मारायची; अपूर्णांक तयार, कर्सर अंशात. उणे बी, अधिक-उणे, मग वर्गमूळ. आत बी, घाताची खूण, दोन. आता स्पेस: घातातून खाली. उणे चार एसी. पुन्हा स्पेस: मुळाच्या बाहेर. खालचा बाण मारला की छेदात, तिथे दोन ए. स्पेस, आणि अपूर्णांक संपला. सूत्र तोंडाने म्हणत जावं तशी बोटं चालतात. कर्सर ज्या खणात असेल त्याचे कोपरे दिसतात, त्यामुळे आपण मुळाच्या आत की बाहेर हे डोळे बारीक करून शोधावं लागत नाही. सारणीत टॅबने पुढच्या खणात जाता येतं.

पहिला आठवडा मात्र चिडचिडीत जातो. सूत्रात दोन अक्षरांमध्ये अंतर सोडायला स्पेस मारावी, तर कर्सर भलतीकडेच. साध्या मजकुरातही दोनदा स्पेस मारून दोन जागा सुटत नाहीत. पीडीएफ मराठीत हवी तर सेटिंगमध्ये जाऊन झीटेक (लाटेकला संगणकातले फॉन्ट वापरू देणारं इंजिन) निवडायचं, देवनागरी फॉन्ट नेमायचा. तेवढ्यासाठी मी भाच्याला बसवलं होतं, चहा-पोह्यांवर. शाळेत बाकी सगळे वर्डवाले, त्यांना माझी फाइल उघडत नाही, म्हणून पीडीएफच पाठवते.

यंदाचा पेपर रविवारी दुपारी बसून संपवला. विवेचक तीनदा तपासला, ती सवय काही जात नाही.