बंदुकीच्या ‘कायदेशीर कवचा’चा अनुभव: ग्रीन कार्डवाल्यांनी एवढं विचारूनच पैसे भरा

स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरली आणि खटला झाला तर वकील पुरवणारी एक मासिक हप्त्याची योजना मी घेतली आहे, तिच्या नूतनीकरणाची मेल आली आहे. पैसे भरण्याआधी हे लिहितोय, कारण मधल्या काळात योजना खरोखर वापरायची वेळ आली. तेव्हा ग्रीन कार्डवर (म्हणजे अमेरिकेत कायम राहायची परवानगी, पण नागरिकत्व नाही) राहणाऱ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची एक गोष्ट कळली, जी विकताना कोणी सांगत नाही. कंपनीचं नाव देत नाही. तुमची कंपनी कुठलीही असो, प्रश्न तोच विचारावा लागेल.

ह्यूस्टनच्या बाहेर आमचं गॅस स्टेशन आणि दुकान आहे. रात्री कुलूप लावून रोकड घेऊन निघावं लागतं, म्हणून पिस्तूल सोबत बाळगायचं टेक्ससचं लायसन काढलं आणि त्यासोबत ही योजना घेतली. मासिक हप्ता, चोवीस तास फोन, फौजदारी खटल्यात वकील त्यांचा. विमा कंपनीच्या पॉलिसीवर चालणाऱ्या योजना वेगळ्या. माझी वकील-सेवेची आहे, म्हणजे फी परस्पर वकिलाला जाते. मला हेच पटलं होतं. एनआरए या बंदूकधारकांच्या संघटनेची ‘कॅरी गार्ड’ ही अशीच योजना २०१७ साली आली, तिच्यात फौजदारी खर्चाचा मोठा भाग निर्दोष सुटल्यावरच परत मिळणार होता. ज्याला खटला चालू असताना वकिलाला पैसे द्यायचेत, त्याने तोवर काय विकायचं? पुढे २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या नियामकांनी ती योजना बेकायदा ठरवली आणि लॉक्टन या ब्रोकर कंपनीला ७० लाख डॉलर दंड भरावा लागला.

सुरुवातीचे महिने मला हा खर्च वायफळ वाटत होता. टेक्ससचा कायदा स्वसंरक्षण करणाऱ्याच्या बाजूने बराच झुकलेला आहे. बळाचा वापर दंडसंहितेच्या नवव्या प्रकरणाप्रमाणे योग्य ठरला, तर जखमी माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना दिवाणी भरपाईही मागता येत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून तर बहुतेक प्रौढांना पिस्तूल सोबत घेऊन फिरायला लायसनचीही गरज उरली नाही. मग दर महिन्याला पैसे कशाला घालवायचे, असं मी घरी बोलूनही दाखवलं होतं.

मग ती रात्र आली. शटर ओढत असताना एक माणूस हातात लोखंडी पहार घेऊन अंगावर आला आणि पिशवी मागू लागला. मी पिस्तूल काढलं, गोळी झाडली नाही. तो पळाला आणि माझ्या आधी त्यानेच ९११ हा पोलिसांचा आपत्कालीन नंबर लावला: दुकानदाराने विनाकारण बंदूक रोखली! जो आधी फोन करतो तो पोलिसांच्या लेखी तक्रारदार. म्हणजे आल्या आल्या संशयित मी.

योजनेच्या नंबरवर आधी रेकॉर्डिंग लागलं, जीव वर-खाली झाला. पण थोड्याच वेळात वकिलाचा फोन आला. हल्ला कोणी केला, पहार कुठे पडली आहे, कॅमेरा कुठे आहे एवढंच पोलिसांना सांगा, बाकी जबाब माझ्यासमोर द्या, असं त्यांनी बजावलं. टेक्ससमध्ये गरज पडल्यास बळ वापरू हे दाखवण्यापुरतंच हत्यार काढलं, तर तो प्राणघातक बळाचा वापर मानत नाहीत, तसं कलम ९.०४ मध्ये आहे. पण ते लागू होतं की नाही हे रात्रीच्या अंधारात पोलीस ठरवत नाहीत. ‘डेडली कंडक्ट’, म्हणजे दुसऱ्याला गंभीर इजेच्या धोक्यात टाकल्याचं कलम, लावलं तर वर्षभरापर्यंत जेल आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. हत्यार दाखवून गंभीर हल्ला केल्याचं कलम लावलं तर दोन ते वीस वर्षं. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ होतं, म्हणून प्रकरण पुढे गेलं नाही. जप्त झालेलं पिस्तूल परत मिळवायचं पत्रही त्याच वकिलांनी लिहिलं. त्या दिवसापासून हप्त्याबद्दलची माझी कुरकुर बंद झाली.

आता उणीव. वकिलांशी बोलताना मी सहज विचारलं, खटला उभा राहिला असता तर काय केलं असतं? त्यांच्या यादीत ‘डिफर्ड अॅडज्युडिकेशन’ होतं. म्हणजे कोर्टात गुन्हा कबूल करायचा, न्यायाधीश दोषी ठरवणं पुढे ढकलतात, प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या अटींखालचा देखरेखीचा काळ, नीट पार पाडलं की खटला बरखास्त. टेक्ससपुरते तुम्ही दोषी ठरलाच नाहीत. अमेरिकन नागरिकाला हा चांगला सौदा आहे. पण इमिग्रेशन कायदा स्वतःची व्याख्या लावतो: गुन्ह्याची कबुली आणि प्रोबेशनसारखं कुठलंही बंधन एवढं असलं की तुम्ही दोषी ठरलातच. कुठल्या कलमाखाली कबुली दिली यावर ग्रीन कार्ड राहतं की जातं हे ठरतं आणि बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी तर हद्दपारीचं वेगळं कलमच आहे. मुलं इथे शाळेत, दुकानावर कर्ज, आणि सही करणारा समजतोय की सुटलो!

मी कंपनीला फोन केला. इमिग्रेशन वकिलाचा सल्ला योजनेत येतो का? नाही. ज्यादा पैसे भरून मिळेल का? नाही, तशी सोयच नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१० सालच्या पडिया वि. केंटकी निकालापासून फौजदारी वकिलाने अशिलाला हद्दपारीचा धोका सांगणं बंधनकारक आहे, हे फोनवरच्या कंपनीच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुमचे वकील सांगतीलच. धोका आहे एवढं सांगणं वेगळं आणि कुठल्या कलमावर तडजोड केली तर कार्ड वाचेल हे शोधणं वेगळं. दुसऱ्या कामाला त्या विषयातलाच माणूस लागतो. शेवटी पदरचे पैसे देऊन एका इमिग्रेशन वकिलीणबाईंकडे गेलो. तासाभराची फी कित्येक महिन्यांच्या हप्त्यांएवढी होती आणि एकही डॉलर वाया गेला नाही. नागरिकत्वाच्या अर्जात अटक, नुसतं ताब्यात घेणंसुद्धा विचारतात, आरोप ठेवला नसला तरी. त्या रात्रीचा पोलीस अहवाल आत्ताच मागून ठेवा, असं त्यांनीच सुचवलं.

एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांसाठी तर हा विषय योजनेच्या आधीच संपतो. शिकारीच्या लायसनसारखे मोजके अपवाद सोडले तर तुम्ही बंदूक जवळ बाळगणं हाच केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राची हातात घेऊन फोटोही काढू नका.

मी नूतनीकरण करतोय, पण वर्षाचे पैसे एकदम भरून मिळणारी सवलत सोडून मासिकच ठेवलंय. इमिग्रेशन सल्ला योजनेत घ्या, हवं तर हप्ता वाढवा, असं कंपनीला लेखी कळवलं आहे. ‘सूचना नोंदवली’ एवढंच उत्तर आलंय. तुमच्यापैकी कोणाच्या योजनेत ही सोय लेखी दिलेली असेल तर कलम क्रमांकासह सांगा, मी याच महिन्यात बदलायला तयार आहे.