साडेचार हजारांची खुर्ची आणि मिथुनेतल्या उल्का

उल्का बघायला दुर्बीण लागत नाही, मान लागते. माझी मान पन्नाशीनंतर कुरकुरायला लागली, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन एक घडीची आरामखुर्ची मागवली. जाहिरातीत तिला 'झीरो ग्रॅव्हिटी' म्हणतात. प्रत्यक्षात लोखंडी नळ्यांची चौकट आणि तिच्यात इलॅस्टिकच्या दोरीने ताणून बसवलेलं जाळीदार कापड, एवढंच. वजन आठेक किलो. साडेचार हजारांना पडली. कुरिअरवाला आमच्या वाडीपर्यंत येत नाही, तिठ्यावरच्या टपरीत ठेवून जातो. तिथून रिक्षाच्या टपावर बांधून घरी आणली. काकीने किंमत ऐकली आणि म्हणाली, "येवढ्यात दोन बाजी इल्यो असत्यो."

बाज मी वर्षानुवर्षं वापरलीय. तिच्यावर पडलं की फक्त डोक्यावरचं आकाश दिसतं आणि पंधरा मिनिटांत घोरायला लागतो. उल्केसाठी निम्मंच कलायला हवं, म्हणजे क्षितिजाच्या जरा वरपासून डोक्यापर्यंतचं आकाश एका नजरेत येतं. इथे खुर्ची पैकीच्या पैकी मार्क घेते. पाय उचलून मागे रेलायचं, हवं तिथे थांबायचं, दोन्ही हातांखालचे खटके आवळायचे. तीन तास बसलो तरी मान दुखली नाही.

खुर्ची घेतली ती दर डिसेंबरात मिथुन राशीतून आल्यासारख्या दिसणाऱ्या उल्कांसाठी. तिचा पहिला डिसेंबर मात्र वाया गेला. १३ डिसेंबर २०२४, दुसऱ्या दिवशी दत्तजयंती, म्हणजे चंद्र जवळजवळ पूर्ण. तासाभरात अकरा उल्का दिसल्या, त्यातल्या दोनबद्दल अजून शंका आहे. खुर्चीचा त्यात दोष नाही.

खरी परीक्षा झाली ती १३ डिसेंबर २०२५ ला. मार्गशीर्ष वद्य नवमी, त्यामुळे दीड वाजेपर्यंत चंद्राचा त्रास नाही. खळं नुकतंच सारवलेलं. खुर्ची बरोबर मधोमध मांडली, माडांपासून लांब. वर बघत बसणाऱ्याला नारळ आणि झावळ विचारून पडत नाहीत. तोंड मृग आणि व्याधाकडे केलं. उल्का मिथुनेतून, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळून फुटल्यासारख्या वाटतात, पण तिकडेच टक लावली तर आखूड रेघा दिसतात. शिवाय गुरू तेव्हा मिथुनेतच झगमगत होता, तो डोळ्यांत नको होता. टॉर्चला लाल पतंगी कागद दोन पदरी बांधला. मोजायला देवळाबाहेर मिळतं ते बोटात घालायचं नामजपाचं यंत्र. आकड्यावर चिकटपट्टी लावली की उजेड येत नाही, आणि वही-पेन्सिलीसाठी मान खाली घालावी लागत नाही.

साडेआठच्या सुमारास पहिली आली. पूर्वेकडून निघून सगळं आकाश ओलांडत, घाई नसल्यासारखी, पार समुद्राकडच्या माडांपर्यंत. मिथुनेच्या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटरने येतात, नोव्हेंबरातल्या सिंहेच्या ७१ ने. त्यामुळे यांना पाहायला डोळ्याला उसंत मिळते. अकरा ते एक या दोन तासांत यंत्रावर ८३ आकडा होता. समुद्राकडची बाजू मी धरतच नाही. मासेमारीच्या बोटींचे एलईडी दिवे तिकडचं क्षितिज पांढरं करून टाकतात.

पावणेबाराला काकी शाल गुंडाळून पडवीत आली. "निजतंस की बघतंस रे?" तेवढ्यात एक हिरवट गोळा व्याधाच्या खालून गेला. माडांच्या सावल्या खळ्यावर सर्रकन फिरल्या. काकी पायरीवरच बसली. मग तिला सांगितलं की हे तारे नव्हेत. १९८३ मध्ये सापडलेला फेथॉन नावाचा लघुग्रह दीडेक वर्षात सूर्याला फेरी घालतो, त्याने वाटेत सांडलेल्या या कण्या. पृथ्वी दर डिसेंबरात त्यांच्यातून जाते. तिला पटलं का ठाऊक नाही, पण एकपर्यंत हलली नाही.

आता तक्रारी. जाळीतून वारा खेळतो, असं जाहिरातीत लिहिलंय. डासही खेळतात, आणि ते खालून येतात! अंगावर पांघरूण घेऊन काही उपयोग नाही, गोधडी आधी खाली अंथरावी लागते. मध्यरात्रीनंतर दव पडतं तेव्हाही तीच गोधडी पाठ वाचवते. डोक्याची उशी जाडजूड आहे, डोकं पुढे ढकलते. मी ती सरकवून मानेखाली घेतो.

सगळ्यात वाईट म्हणजे गंज. नळ्यांना पावडर कोटिंग आहे, पण रिपिटांना काहीच नाही. आमच्या खाऱ्या हवेत पहिल्या पावसाळ्यातच त्या तांबड्या झाल्या, आणि माळ्यावर ठेवूनही कापडाला पांढरी बुरशी आली. ऑक्टोबरात डाव्या बाजूची दोरी बसता बसता तुटली. '११० किलोपर्यंत' असं लिहिलंय, मी ७२ चा. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. शेवटी बंदरावर जाळी विणणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी नायलॉनची दोरी ओवून दिली. ती ताणत नाही, त्यामुळे पाठ जरा ताठ राहते. पण तुटणार नाही याची खात्री त्यांनी दिलीय, कंपनीने दिली नव्हती.

पाचपैकी साडेतीन. किनाऱ्यावर राहत असाल तर याच घडणीची, पण अ‍ॅल्युमिनियमची मिळते का ते आधी बघा, थोडे जास्त गेले तरी चालतील. घाटावरच्या माणसाने हीच घ्यायला हरकत नाही.

ऑगस्ट २०२६ च्या १२-१३ तारखेला, ययाती या तारकासमूहातल्या उल्कांच्या ऐन रात्री, अमावस्या आहे. आम्हाला काय त्याचं, आम्ही कौलांखाली पागोळ्या मोजणार. पण १३ डिसेंबर २०२६ ला चवथ-पाचवीचा चंद्र दहाच्या सुमारास मावळेल. तोवर खुर्ची रिपिटांना खोबरेल लावून पडवीत, आणि दुपारी एक ते तीन तिच्यात काकी.